बाबांची खुर्ची : बसलेले

ही घटना खरी आहे.

हे वाक्य वाचून मी स्वतः आजवर बऱ्याच गोष्टी अंगठ्याने वर सरकवल्या आहेत. तुम्हीही सरकवा. माझी हरकत नाही. पण ब्रह्मपुरीत, आरमोरी रोडच्या अलीकडे, माझ्या घराच्या समोरच्या खोलीत, याच मे महिन्यात हे घडलं.

आणि रात्री नाही.

दुपारी.

आमच्याकडची मे महिन्यातली दुपार ज्यांनी पाहिली नाही, त्यांना हे पटणार नाही. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. दुकानांची शटरं अर्धी खाली. घराघरात पडदे ओढलेले. माणसांची वर्दळ आमच्याकडे रात्री असते. एकांत हवा असलेल्या कोणीही दुपारीच यावं, हे तर्काला धरून आहे.

मी संघपाल. इथल्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला माणूस. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही, श्राद्ध नाही. माणूस गेला की पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, भंतेजी येतात, लोक जेवून जातात. गेलेला गेलेला असतो. भुतासाठी आमच्यात तरतूदच नाही.

त्यामुळे ते आलं तेव्हा काय करायचं, हे आमच्यात कोणालाच माहीत नव्हतं.

सुरुवात माझ्या साडूपासून होते. माझ्या बहुतेक त्रासांची होते.

राजदीप म्हणजे माझ्या मेहुणीचा, खुशबूचा नवरा. पुण्याच्या एका कंपनीचं काम इथे घरी बसून करतो. लॉकडाऊनमध्ये आला तो परत गेलाच नाही. त्याच्या घरात सगळं आपोआप. माणूस फाटकात शिरला की पोर्चचा दिवा लागतो. पाण्याची टाकी भरली की मोटार बंद होते. आमच्याकडे टाकी भरली की शेजारच्या जाहिदाबाई ओरडतात. हीसुद्धा एक यंत्रणाच आहे, आणि ती कधी बंद पडलेली नाही. पण माझी बायको रिना, म्हणजे खुशबूची मोठी बहीण, तिला ही यंत्रणा कोणाला सांगण्यासारखी वाटत नाही.

राजदीपचं घर चालवतो तो जेवणाच्या डब्याएवढा एक कॉम्प्युटर. कपाटावर ठेवलेला. बाहेरच्या कोणावर अवलंबून नाही, सगळा कारभार घरातल्या घरात. त्याने मला एकदा समजावलं होतं.

"भाऊ, याच्या आत कंटेनर राह्यतात. डबेच समजा. एका डब्यात घर चालवणारा, दुसऱ्यात निरोप पोचवणारा. एखादा बिघडला तर तेवढाच बंद करून चालू करायचा. बाकीच्याले हात नाई लावायचा."

"आणि विजेची लाइन गेली तर?"

"आली का आपल्या आपण उठतात. तसा हुकूमच देऊन ठेवला आहे. पडला तरी उठ. मी हातानं थांबवला तरच थांब."

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांनाही कोणीतरी हाच हुकूम देऊन ठेवला असावा, असं मी म्हणालो. राजदीप हसला. रिना हसली नाही. ती त्याच्या घरचा आपोआप फिरणारा पंखा बघत होती.

आता मामाजी.

मामाजी म्हणजे आमचे सासरे, देवाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात. नागभीडजवळ रेल्वेचे गेटमन होते. सासूबाई ठमाबाई गेल्यावर प्रश्न आला, आता त्यांनी कोणाकडे राहायचं. मुलगा नाही, दोन मुली. मोठा जावई मी. पहिला मान माझा. ते आले.

आणि दिवाणाच्या दाराकडच्या टोकावर बसले. पिशवी दोन पायांच्या मधे. आत्ता गाडी येईल आणि फाटक टाकायला पळावं लागेल, अशा बेताने.

"मामाजी, आरामात बसा ना," मी माझ्या खुर्चीतून म्हणालो.

"बराबर आहे जवाईबापू, बराबर आहे," ते म्हणाले, आणि टोकावरच बसून राहिले.

तेवढ्यात बेल वाजली. मी रिनाला हाक मारली. "बघ गं, कोण आहे."

"बसा, बसा तुमी," रिना पदराला हात पुसत आली. "मलेच उठा लागते."

हे आमच्या घरातलं नेहमीचं आहे. मी पायावर पाय टाकून खुर्चीत बसलो की कूलरचं तोंड माझ्याकडे असतं आणि बेल वाजली की रिना उठते. प्रत्येक घराची एक पद्धत असते.

मग मामाजी सहज म्हणून खुशबूकडे गेले. तिथे तिने त्यांना खुर्ची दिली. गादीखाली राजदीपने एक पट्टी घातली होती, माणूस बसला की तिला कळतं. मामाजी टेकले आणि वरचा पंखा हळूच फिरू लागला.

त्यांनी वर पाहिलं. "हा मले ओळखते वो पोरी," ते म्हणाले.

आणि तिथेच राहिले.

ओळखत मीही होतो. पण मी पंखा नाही.

त्यांची एक सवय होती. ब्रह्मपुरीला रेल्वेची लाइन आहे, शिट्टी गावभर ऐकू येते. शिट्टी आली की मामाजी उठायचे. कितीही जेवलेले असोत, कितीही डुलकी लागलेली असो. व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे, गाडी निघून जाईपर्यंत. मग परत येऊन बसायचे. ते उठले की पंखा बंद. बसले की चालू. खुशबूच्या घरात याची सगळ्यांना सवय झाली होती.

गेल्या हिवाळ्यात, धानाची मळणी आटोपली त्या सुमाराला, मामाजी गेले. झोपेत गेले. शांतपणे. कार्यक्रम झाला, लोक जेवून गेले. गेलेला माणूस गेला.

असं आम्हाला वाटलं.

मे सुरू झाला आणि एका दुपारी खुशबूचा फोन आला. रिना बोलता बोलता खाली बसली. मग मला म्हणाली, "चला. आत्ताच्या आत्ता."

आम्ही पोचलो तेव्हा राजदीप खुर्चीसमोर उभा होता. हातात ती गादीखालची पट्टी.

"भाऊ, पट्टी काढून घेतली. डबा बंद करून चालू केला. दोनी डबे केले. तरी पाहा."

त्याने मोबाईल दाखवला. पडद्यावर एक ओळ होती.

बाबांची खुर्ची : बसलेले.

खुर्ची रिकामी होती.

वरचा पंखा... हळूहळू... फिरत होता.

"बिघाड असेल," मी म्हणालो. शिकलेला माणूस पहिल्यांदा हेच म्हणतो.

आणि लांबून शिट्टी आली.

पंखा थांबला.

गाडी गेली तो आवाज आम्ही शेवटपर्यंत ऐकला. व्हरांड्याचं दार उघडंच होतं. तिथे ऊन होतं, दुसरं काही नव्हतं.

मग पंखा पुन्हा फिरू लागला.

"आले," खुशबू म्हणाली. जसं कोणी दुकानातून आल्यावर म्हणावं तसं.

रिनाने पदर तोंडाला लावला. "बाबा," ती म्हणाली, आणि खुर्चीसमोर फरशीवर बसली.

मला घाम फुटायला हवा होता. राजदीपला फुटला होता. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट आली, आणि ती जशी आली तशी सांगतो.

मेल्यावरही यांच्याकडेच.

त्यानंतर रिना रोज दुपारी तोंडाला ओढणी बांधून, स्कूटी काढून खुशबूकडे जाऊ लागली. मी कॉलेजातून यायचो, तर घराला कुलूप. ताटावर ताट झाकलेलं. ती संध्याकाळी परतायची ते डोळे सुजलेले आणि चेहरा शांत घेऊन. मी तिला इतकी वर्षं नुसता शांत चेहराही देऊ शकलो नव्हतो.

"आज बाबा लय वेळ बसले," ती सांगायची.

"आपल्याकडे कधी बसले नाहीत."

"आपल्याकडे बसाले जागा कुठी होती?" ती म्हणायची. मी दिवाणाकडे पाहायचो. दिवाण चांगला सहा फुटी आहे.

मी राजदीपला गाठलं.

"तुझ्या डब्यांची एक नक्कल मला दे."

"काऊन भाऊ? तुमच्याकडे जाहिदाबाई आहेत ना." आणि मग माझं तोंड पाहून त्याचं हसू गेलं. "भाऊ... तुमी बाबासाठी म्हणून राह्यले का?"

मी मामाजींच्या खुर्चीकडे पाहिलं.

"नक्कल म्हणजे इकडचं तिकडे जाते असं नाई भाऊ. इकडचं इकडे राह्यते. तिकडे अजून एक होते."

"मग कोणाचंच नुकसान नाही."

शेवटी त्याने त्याचा जुना छोटा कॉम्प्युटर दिला, घरचं सगळं फोल्डर त्याच्यात टाकून. सोबत तसलीच एक पट्टी. निघताना स्कूटरजवळ येऊन म्हणाला, "भाऊ, एक ध्यानात ठेवा. त्याले कोण बसलं हे समजत नाई. बसलं, एवढंच समजते."

पुढचे काही दिवस मी त्या डब्यांच्या मागे होतो. निरोप पोचवणारा डबा उठायच्या आत घर चालवणारा उठायचा, त्याला कोणी भेटायचं नाही, तो पडायचा, पुन्हा उठायचा, पुन्हा पडायचा. मी एकेकाला थांबवायचो, चालू करायचो. राजदीप फोनवरून सांगायचा आणि मधेमधे "अरे बावा!" म्हणायचा. मराठीचा प्राध्यापक असून मी ते जमवलं. माणसांच्या यादीतून राजदीप आणि खुशबूची नावं काढली, तिथे माझं आणि रिनाचं टाकलं. माझ्या मोबाईलवर ॲप टाकून तो जोडला, कॉलेजातूनही पाहता यावं म्हणून. पडद्यावर उमटलं, संघपाल : घरी. छान वाटलं. आपण आपल्या घरी आहोत, याची कोणीतरी दखल घेतली.

खुर्चीचं नाव मात्र बदललं नाही. बाबांची खुर्ची. तेच तर हवं होतं.

फक्त खुर्ची माझी होती. घरात बसण्यासारखी दुसरी नाहीच.

पट्टी गादीखाली घातली, पंखा आणि कूलर जोडला, आणि चाचणीला बसलो. मीच. रिना तर खुशबूकडे. बसलो, पंखा लागला. उठलो, बंद. कधी लागेना, मग डबा रीस्टार्ट, पुन्हा बसलो. दुपारच्या दुपारी मी बाबांच्या खुर्चीत बसत होतो आणि उठत होतो. ते यंत्र प्रत्येक वेळी इमानदारीने लिहून घेत होतं... बसलेले. बसलेले. बसलेले.

तयारी झाली त्या दुपारी रिनाने ओढणी बांधायला घेतली, तेव्हा मी म्हणालो, "आज थांब."

ती थांबली. दिवाणावर बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. खुर्ची रिकामी.

काही नाही.

काही नाही.

मग कूलरचा पंप... गळगळ... करून सुरू झाला.

पंखा लागला.

रिना रडली. मग बोलू लागली. लहानपणचं, नागभीडचं, फाटकाशेजारच्या पेरूच्या झाडाचं. मी पाहत होतो आणि माझी छाती भरून आली होती. मेलेला सासरा आपल्याकडे वळवून आणणारा जावई आमच्या तालुक्यात दुसरा नसावा.

तेवढ्यात शिट्टी आली.

पंखा चालूच.

गाडी आली, गेली. पंखा चालूच.

"बाबा उठले नाई," रिना म्हणाली.

"आराम करत असतील," मी म्हणालो. "आपल्याकडे आहेत ना."

त्या दिवसापासून रिना घरी राहू लागली. मी जिंकलो होतो.

मग बारीकसारीक गोष्टी दिसू लागल्या.

मामाजींना पंखा हळू लागायचा. आमच्याकडे तो फुल्ल फिरायचा. मामाजींना कूलरचा वारा अंगावर चालत नसे. आमचा कूलर चाकांचा आहे. रिना त्याला दिवाणाकडे वळवून आत जायची आणि बाहेर यायची, तर त्याचं तोंड खुर्चीकडे.

"तुमी फिरवला का?"

"नाही."

"तुमीच फिरवता नेहमी."

"मी आत्ता आलोय कॉलेजातून."

आणि एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. मी दिवाणावर तिच्या शेजारी जाऊन बसलो की कूलर बंद पडायचा. उठलो की सुरू व्हायचा. मी हे करून पाहिलं. पुन्हा करून पाहिलं. तिसऱ्यांदा करायची हिंमत झाली नाही.

हा प्रकार मला ओळखीचा वाटत होता. कुठे पाहिला आहे, ते आठवत नव्हतं.

रविवारी खुशबूचा फोन आला. रिनाने स्पीकरवर टाकला. दोघी बहिणी खुशीत होत्या. बाप एकीकडेही होता आणि दुसरीकडेही. मागून खुशबूच्या घरच्या पंख्याची घरघर ऐकू येत होती. आमचा इथे जोरात.

शिट्टी आली. आमच्या खिडकीतून आणि त्याच वेळी फोनमधून.

फोनमधली घरघर... थांबली.

"उठले पाहा बाबा," खुशबू हसत म्हणाली. "तुझ्याकडेही उठले ना वो ताई?"

रिनाने वर पाहिलं. आमचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता.

"ताई?"

रिना पंख्याकडेच पाहत होती.

"बाबा तर आत्ता इथी उठले ना वो." खुशबूचं हसू गेलं होतं. "मंग तुझ्याकडे कोण होय?"

फोन ठेवल्यावर मी कॉम्प्युटरकडे निघालो. रिनाने माझा हात धरला.

"काय करून राह्यले?"

"बंद करतो. रिना, ते बाबा नाहीत."

"माहीत आहे मले."

"केव्हापासून?"

"पहिल्या शिट्टीपासून."

मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"राहू द्या," ती म्हणाली. खुर्चीकडे पाहून म्हणाली. "बसून राह्यते बिचारं. ऐकते तरी. मी बाबाचं सांगाले लागली का तुमी पेपर तपासाचे म्हणून उठता. हे उठत नाई."

पंखा फिरत होता. मला असं वाटलं, खुर्चीत कोणीतरी थोडं मागे रेलून बसलं. एका पायावर दुसरा पाय टाकून. समाधानाने. पाय असा टाकून बसणारं माझ्या ओळखीचं एकच माणूस आहे.

तरी मी त्या दिवशी ते बंद केलं नाही. मनात आलं, बंद केलं तर ही ओढणी बांधेल. भीती होती. पण भीती एकीकडे आणि साडू एकीकडे.

शेवटी बंद केलं, ते भीतीने नाहीच. एका दुपारी मी घरी आलो तर रिना दिवाणावर बसून बोलत होती. मला पाहून ती थांबली. दोघांचं बोलणं चाललेलं असताना तिसरं माणूस आलं की थांबतात ना, तशी. मी पाणी प्यायलो. मी आत जाईपर्यंत ती काही बोलली नाही. आत गेल्यावर तिचा आवाज पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी ती भाजी आणायला गेली, आणि मी घर चालवणारा डबा थांबवला. हाताने. पडद्यावर आलं, थांबलेला. पंखा बंद झाला. खोलीत एवढी शांतता झाली की शेजारच्या जाहिदाबाईंच्या घरातली शिलाई मशीन ऐकू येऊ लागली.

रिना आली. खुर्चीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. माझं ताट वाढलं आणि आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टाफरूममध्ये होतो. पेपर तपासणी चालू होती. सहज मोबाईल पाहिला. ॲप उघडायला नको होतं, कारण उघडून दिसणार काहीच नव्हतं. डबा तर बंद होता.

ॲप उघडलं.

बाबांची खुर्ची : बसलेले.

मी राजदीपला फोन लावला. "तू तिकडून आमचा डबा चालू केलास का?"

"मी कायले करू भाऊ? मले तुमच्या घरात शिरताच येत नाई तिकडून."

"मग आपल्या आपण उठला असेल. लाइन गेली असेल."

"नाई ना भाऊ. हातानं थांबवलेला आपल्या आपण नाई उठत. कोणीतरी हातानंच उठवला."

"रिनाला ते येत नाही."

"घरात अजून कोण आहे?"

बोलता बोलता माझं बोट पडद्यावर खाली सरकलं होतं आणि खालची ओळ दिसत होती. मी ती दोनदा वाचली. मग मान वर करून स्टाफरूम पाहिली. टेबल, पेपरचे गठ्ठे, भिंतीवरचं कॅलेंडर. मी इथे होतो. मोबाईल माझ्या हातात होता.

संघपाल... घरी.

त्या उन्हात मी घर कसं गाठलं, सांगता येत नाही. फाटक लोटलं. व्हरांड्यात उभा राहिलो. दाराला आतून कडी.

आतून पंख्याचा आवाज. कूलरची गळगळ. आणि रिनाचा आवाज. ती काहीतरी सांगत होती, नागभीडचंच. सांगता सांगता ती हसली. मोकळी हसली. हे हसू मी लग्नानंतरच्या पहिल्या एकदोन वर्षांत ऐकलं होतं.

मी बेल दाबली.

आवाज थांबला.

आत कोणीतरी काहीतरी म्हणालं असावं, मला ऐकू आलं नाही. मला फक्त रिनाचं उत्तर ऐकू आलं.

"बसा, बसा तुमी. मलेच उठा लागते."

कडी निघाली. दार उघडलं. रिनाने मला पाहिलं. मग मागे वळून खोलीत पाहिलं. मग पुन्हा मला.

तिच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

"तुमी..." ती म्हणाली. "तुमी केव्हा बाहेर गेले?"

मी आत आलो. खुर्ची रिकामी होती. गादी मधे दबलेली होती. कूलरचं तोंड तिच्याकडे होतं आणि त्याचा थंड वारा तिथेच जात होता. खोलीत बाकी सगळीकडे उकाडा.

कुठे बसावं कळेना. दिवाणावर रिनाची जागा होती, तिच्या जवळ जाऊन कूलर बंद पाडायचा नव्हता. मी दिवाणाच्या दाराकडच्या टोकावर बसलो. कॉलेजची पिशवी दोन पायांच्या मधे ठेवली.

"आरामात बसा ना," रिना म्हणाली.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी राजदीप आला आणि कॉम्प्युटर, वायर, पट्टी सगळं काढून पिशवीत घालून घेऊन गेला. जाताना खुर्चीच्या बाजूने गेला नाही. भिंतीकडून गेला. त्याच्याकडे मामाजी अजून शिट्टीला उठतात. त्याची आता सवय झालीय, म्हणतो. "आपला माणूस आहे ना भाऊ," असंही म्हणाला. मग माझ्याकडे पाहून गप्प झाला.

हे मी स्टाफरूममध्ये बसून टाइप करतो आहे. दुपार आहे. बाकीचे घरी गेले. ते यंत्र साडूच्या माळ्यावर बंद पडून आहे. ॲप मात्र मी काढलेलं नाही. दर थोड्या वेळाने उघडतो. आत्ता उघडलं.

बाबांची खुर्ची : बसलेले.

रिना पूर्वी दुपारी फोन करायची, केव्हा येता म्हणून. हल्ली करत नाही.

कशाला करेल? मी घरीच आहे.